ल रोन ९सी : धातूच्या प्रतिकृतीविषयी दोन मते

ल रोन ९सी हे पहिल्या महायुद्धातील फ्रेंच बनावटीचे विमान-इंजिन. वर्तुळात मांडलेले नऊ सिलिंडर, प्रत्येकाचा अंतर्व्यास १०५ मि.मी., दट्ट्याची धाव १४० मि.मी., एकूण घनफळ १०.९ लिटर, मिनिटाला सुमारे १२०० फेरे आणि ८० अश्वशक्ती, असा त्याचा हिशोब आहे. न्यूपोर ११ आणि सॉपविथ पप ही दोन गाजलेली लढाऊ विमाने याच इंजिनावर उडाली. पपचे पहिले उड्डाण १९१६ मधले. २ ऑगस्ट १९१७ रोजी एडविन डनिंग यांनी चालत्या युद्धनौकेवर, 'एचएमएस फ्युरियस'वर, जे विमान उतरवले ते पपच होते. या विमानाचा पंखविस्तार ८.०८ मीटर. १:१६ या प्रमाणात प्रतिकृती केली तर पंख सुमारे ५० सें.मी. भरतात आणि इंजिन तळहातावर मावेल एवढे, साधारण सहा सेंटिमीटर व्यासाचे होते. जुन्या विमानाची प्रतिकृती करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ या सहा सेंटिमीटरांत जातो.

प्रतिकृतीला हात घालण्याआधी मूळ यंत्र कसे चालते ते नीट समजले पाहिजे. नेहमीच्या इंजिनात सिलिंडर जागेवर असतात आणि क्रँकशाफ्ट फिरतो. ल रोनसारख्या रोटरी इंजिनात क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का जखडलेला असतो. क्रँककेस, नऊही सिलिंडर आणि पुढचा पंखा असा सगळा डोलारा त्याच्याभोवती गरगर फिरतो. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण पोकळ क्रँकशाफ्टमधून क्रँककेसमध्ये येते आणि तिथून तांब्याच्या नऊ नळ्यांतून सिलिंडरांच्या माथ्याकडे जाते. क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ खेळत असल्यामुळे साधे खनिज तेल तिथे टिकत नाही, ते पेट्रोलात विरघळते. म्हणून वंगणाला एरंडेल वापरत. वापरलेले एरंडेल परत टाकीत येत नसे, धुराबरोबर बाहेर पडून विमानभर उडे. त्या युद्धात मित्रराष्ट्रांच्या विमानांना लागणारे एरंडाचे बी मोठ्या प्रमाणावर भारतातून जात होते. प्रतिकृतीला शेवटी कोणता रंग चढवायचा, या प्रश्नाचे उत्तरही या एरंडेलातच आहे. ते पुढे येईल.

असे इंजिन धातूत, एकेक भाग स्वतः घडवून करायचे म्हटले की कारागिरांत दोन तट पडतात. एक तट यंत्रकामातून आलेल्यांचा. धातूशी आणि यंत्राच्या रचनेशी इमान राखावे असे ते म्हणतात. दुसरा तट प्रतिकृतिकारांचा. हातभर अंतरावरून डोळ्याला जे दिसते त्याच्याशी इमान राखावे, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या संवादात पहिली बाजू टूलरूममध्ये उमेदीची वर्षे घालवलेला एक वयस्क टर्नर मांडतो आणि दुसरी बाजू त्याच्याहून वयाने लहान असलेला एक मॉडेलकार.

टर्नर : इंजिन म्हटले की ते चालले पाहिजे. चालत नाही तो इंजिनाचा पुतळा. एल. के. ब्लॅकमोर यांनी बेंटली बीआर२ या रोटरी इंजिनाची चतुर्थांश आकाराची चालणारी प्रतिकृती केली आणि ती कशी करायची याचे पुस्तकही लिहिले. नऊ सिलिंडरांचेच ते इंजिन. मग ल रोनने काय घोडे मारले आहे?

मॉडेलकार : काका, बेंटलीचा मूळ अंतर्व्यास १४० मि.मी. चतुर्थांश आकारात तो ३५ होतो. एवढ्यात दट्ट्याच्या कड्या, झडपा, प्लग सगळे बसवता येते. आपले विमान सोळाव्या हिश्शाचे आहे. ल रोनच्या एका सिलिंडरचे घनफळ १२१२ घन सें.मी. चतुर्थांशात त्याचे १९ उरतात, सोळाव्या हिश्शात फक्त ०.३. आणि घनफळ ४०९६ पटींनी घटले तरी पृष्ठभाग २५६ पटींनीच घटतो. म्हणजे आत जळणाऱ्या वायूच्या मानाने त्याची उष्णता पिऊन टाकणारी भिंत सोळा पट मोठी झाली. त्यात पेट्रोलचे थेंब आणि हवेचा चिकटपणा काही आपल्या प्रमाणात लहान होत नाहीत.

टर्नर : कॉक्स कंपनीचे 'पी वी' इंजिन जेमतेम ०.३३ घन सें.मी.चे होते, आणि पोरे त्यावर विमाने उडवत होती.

मॉडेलकार : उडवत होती, खरे आहे. पण ते दोन धावांचे, एका सिलिंडरचे, मिथेनॉलवर आणि ग्लो प्लगवर चालणारे इंजिन. त्याची मापे त्याच्या गरजेतून ठरली. कुठल्या जुन्या इंजिनाशी त्याला रूप जुळवायचे नव्हते. ल रोनचे चार धावांचे नऊ सिलिंडर या मापात चालवायचे ठरवले तर भिंती जाड कराव्या लागतील, प्लग फुगवावे लागतील, सिलिंडरवरची थंडाव्याची पाती कमी करावी लागतील. चालेल कदाचित, पण त्याला ल रोन कोण म्हणेल?

टर्नर : बरे, १:१६ ला ते चालणार नाही हे मान्य. पण ते फिरले पाहिजे आणि धातूचे असले पाहिजे, यावर मी हटणार नाही.

या पहिल्या मुद्द्याचा निकाल प्रमाण लावते, मत लावत नाही. १:४ च्या आसपास चालणारे इंजिन हे रास्त उद्दिष्ट आहे, १:१६ ला नाही. इंजिन फिरण्याच्या मागणीवर मात्र टर्नरची बाजू निर्विवाद बरोबर आहे. ज्या प्रतिकृतीत पंखा फिरतो आणि मागचे सिलिंडर जागच्या जागी राहतात, ती रोटरी इंजिनाची प्रतिकृतीच नव्हे. अशा प्रतिकृती प्रदर्शनांत सर्रास दिसतात, आणि बारीकसारीक तपशील कितीही सुबक असला तरी ही एक चूक सगळ्यावर पाणी फिरवते.

मॉडेलकार : धातूच हवा असा आग्रह मात्र मला पटत नाही. रेझिनमध्ये थ्री-डी प्रिंट काढा, वर पोलादी रंग मारा. पाती इतकी एकसारखी येतात की लेथवर हात दुखवायची गरज नाही.

टर्नर : रंगवलेले पोलाद आणि कातलेले पोलाद यांवर उजेड वेगवेगळा पडतो. लेथवर कातलेल्या पात्याच्या कडेला टूलच्या बारीक वर्तुळाकार खुणा असतात. मूळ सिलिंडरही पोलादातून कातूनच पाती काढत, म्हणजे त्याच खुणा मूळ इंजिनावरही होत्या. रंगाच्या थराखाली नेमक्या त्याच बुजतात.

मॉडेलकार : मग पितळ वापरा. कापायला सोपे, गंजत नाही.

टर्नर : आणि पिवळे दिसते. मग त्यावर रंग मारणार, म्हणजे आपण पुन्हा तिथेच. सिलिंडर फ्री-कटिंग पोलादाचे, नळ्या तांब्याच्या, प्रज्वलनाच्या तारा पितळेच्या. मूळ इंजिनात जो धातू, तोच प्रतिकृतीत.

मॉडेलकार : मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत तुमचे पोलाद एका पावसाळ्यात तांबूस होईल.

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पोलाद वापरायचे तर कातल्यावर हाताचा घाम न लावता ते पुसून लगेच तेलात ठेवावे आणि जोडणीनंतर पारदर्शक लॅकरचा अगदी पातळ थर द्यावा. दमट हवेत हे जमणार नसेल तर जर्मन सिल्व्हर हा उत्तम पर्याय आहे. नावात चांदी असली तरी ते तांबे, निकेल आणि जस्त यांचे मिश्रण. रंग पोलादाच्या जवळचा, किंचित उबदार, आणि डाख झकास धरणारे. ॲल्युमिनियम कापायला हलके, पण साध्या कथलाच्या डाखाला दाद देत नाही आणि रंगही फार पांढरा. प्रिंटचा उपयोग दुसरीकडे आहे. क्रँककेसचे पुढचे नाकाड किंवा रॉकरचे खांब असे वाकडेतिकडे भाग मेणासारख्या जळून जाणाऱ्या रेझिनमध्ये छापावेत आणि दागिन्यांचे ओतकाम करणाऱ्याकडून पितळेत ओतून घ्यावेत. भाग धातूचाच मिळतो आणि कानशीचे कितीतरी तास वाचतात.

आता सिलिंडर. सगळी अब्रू इथे पणाला लागते.

टर्नर : पाती मोजून तेवढीच. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मॉडेलकार : काका, मूळ पाते १ मि.मी. जाडीचे धरले तरी सोळाव्या हिश्शात ते ०.०६ मि.मी. होते. वहीचा कागद याहून जाड असतो. तेवढे पाते लेथवर टिकेल?

टर्नर : नाही टिकणार. टूलचा नुसता धक्का लागला तरी लवेल. पाते ०.१५ मि.मी.च्या खाली नेऊच नये.

मॉडेलकार : मग पाती जाड झाली, संख्या तेवढीच ठेवली, म्हणजे मधल्या फटी बुजणार. डोळ्याला पाती दिसत नाहीत, फटींतला अंधार दिसतो. त्यापेक्षा दोन-चार पाती कमी करा आणि फटी मोकळ्या ठेवा. दुरून तेच खरे वाटेल.

टर्नर : खरे वाटेल, पण खरे नसेल. संख्या ही मूळ यंत्रातली वस्तुस्थिती आहे. जाडी आपल्या टूलची मर्यादा म्हणून वाढली. मर्यादेपायी वस्तुस्थिती का बदलायची?

इथे टर्नरची बाजू घेणे भाग आहे. अंधाराचा प्रश्न इतर मार्गांनी सुटतो: फटी खोल कापाव्यात आणि शेवटी त्यांत पातळ काळपट तपकिरी रंग उतरू द्यावा. पण कमी केलेले पाते नंतर कशानेही भरून येत नाही, आणि जाणकार पाहणारा आधी पाती मोजतो.

पाती कापण्याची रीत अशी. फट कापणारे टूल स्वतः घासून करावे. तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा ग्राइंडरवर घासून फटीच्या मापाला आणला तरी चालतो. मात्र टूलच्या दोन्ही बाजू मागे किंचित निमुळत्या हव्यात, नाहीतर टूल फटीत घासते आणि पाते वाकते. दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकच्या सेंटरचा आधार द्यावा. सगळ्या फटी आधी अर्ध्या खोलीपर्यंत कापाव्यात, मग पुन्हा पहिल्यापासून पूर्ण खोलीला जावे. एकच फट एका दमात पूर्ण कापली तर शेजारचे पाते आधाराविना उघडे पडते. टूल सरकवताना डायल नेहमी एकाच दिशेने फिरवावी. चुकून पुढे गेले तर चांगले अर्धा फेरा मागे येऊन परत त्याच दिशेने मापावर यावे, कारण स्क्रूच्या बॅकलॅशमधला शतांश मि.मी. सिलिंडरभर साचत जातो. पोलादाला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेलचे दोन थेंब. नवांऐवजी बारा सिलिंडर कातावेत आणि त्यांतले एकमेकांशी सगळ्यात जुळणारे नऊ निवडावेत.

दुसरीही एक वाट आहे. पातळ पत्र्याच्या, आम्लाने कोरून काढलेल्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये लहान व्यासाची कडी, असे एकाआड एक दांड्यावर ओवायचे. पाती ०.१ मि.मी.ची मिळतात आणि एकसारखी येतात. मॉडेलकाराचा कल या वाटेकडे आहे आणि दिसण्याच्या दृष्टीने ती कमी प्रतीची नाही. फक्त शेवटी सगळा गठ्ठा दाबून एकजीव बसवावा लागतो. एक चकती जरी तिरकी राहिली तरी लेथवर ती पुन्हा सरळ करता येत नाही.

क्रँककेसवर नऊ सिलिंडर बसवण्यासाठी वर्तुळाचे नऊ सारखे भाग करावे लागतात, प्रत्येक ४० अंशांचा.

मॉडेलकार : कॅडमध्ये नऊ रेघा काढून कागद चिकटवावा आणि पंच मारावा. सहा सेंटिमीटरच्या वस्तूत अर्ध्या अंशाचा फरक कोणाला दिसणार?

टर्नर : परिघावर अर्धा अंश म्हणजे २५ मि.मी. त्रिज्येला ०.२ मि.मी. एका सिलिंडरला तेवढा फरक दिसणार नाही, कबूल. पण इंडेक्सिंगमध्ये चूक प्रत्येक वेळी त्याच बाजूला होते. पहिल्यापासून नवव्यापर्यंत आठ वेळा अर्धा अंश म्हणजे चार अंश, आणि तो सगळा शेवटच्या फटीत येऊन बसतो. नववा आणि पहिला सिलिंडर एकमेकांना खेटलेले दिसतात.

वर्तुळाचे सारखे भाग पाडणाऱ्या ४०:१ च्या डिव्हायडिंग हेडवर हँडलचा एक फेरा म्हणजे ९ अंश. म्हणून ४० अंशांसाठी चार पूर्ण फेरे आणि वर चार-नवमांश फेरा द्यावा लागतो. १८ छिद्रांच्या वर्तुळावर तो ८ छिद्रांचा, २७ च्या वर्तुळावर १२ छिद्रांचा. छिद्रे मोजताना ज्या छिद्रात पिन आहे ते धरायचे नाही. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त क्रँककेस याच मोजणीत वाया जातात. सेक्टरचे दोन हात एकदा नीट लावले की प्रत्येक वेळी मोजावे लागत नाही.

सिलिंडर क्रँककेसला कसे जोडायचे यावर मात्र टर्नरला नमते घ्यावे लागते. मूळ इंजिनात सिलिंडर आट्यांवर क्रँककेसमध्ये फिरवून बसवलेले आहेत. तसेच करावे असे त्याला वाटते.

मॉडेलकार : आटे घट्ट होतील तिथे सिलिंडर थांबेल. पण त्याच्या माथ्यावरचा रॉकर आणि नळीचे तोंड ठरावीक दिशेलाच हवे. नऊही सिलिंडर घट्ट होऊन नेमके त्याच दिशेला थांबतील याची काय खात्री?

टर्नर : मूळ इंजिनात लॉकनट होता, त्याने ते जमत होते. आपल्या मापात लॉकनट बसवणे... ते राहू दे. साधी गुळगुळीत गोल खुंटी ठेव, भोकात घट्ट बसणारी. दिशा हाताने लाव आणि मग पक्के कर. बाहेरून लॉकनटचे कडे तेवढे दाखव.

तांब्याच्या नळ्या ही ९सी ची ओळख आहे. पुढे आलेल्या ११० अश्वशक्तीच्या ९जे इंजिनात त्या सिलिंडरांच्या मागे गेल्या. ९सी मध्ये त्या समोरून पूर्ण दिसतात. जर्मनीतील ओबरउर्सेलच्या कारखान्यात ९जे ची नक्कल झाली आणि तेच यूआर-२ इंजिन फोकरच्या तीन पंखी विमानाला बसले. छायाचित्र पाहून काम करणाऱ्याने हा फरक आधी तपासावा. पपच्या प्रतिकृतीला ९जे चा चेहरा दिला गेला, तर बाकीची मेहनत कुणाच्या लक्षातही येत नाही.

टर्नर : नळी खरी, पोकळच वाकवायची. आतून मिश्रण जाते ना?

मॉडेलकार : दोन्ही टोके बंद आहेत. आत पोकळ आहे की भरीव, हे फक्त बनवणाऱ्याला माहीत असणार. भरीव तार वाकवली तर चेपत नाही.

दिसण्याच्या आणि सोयीच्या दृष्टीने मॉडेलकाराचे म्हणणे ग्राह्य आहे. घरगुती वायरिंगची ४ चौ. मि.मी.ची एकसंध तांब्याची तार सव्वादोन मि.मी. जाडीची असते, वायरीवरचा आकडा जाडीचा नसून छेदाच्या क्षेत्रफळाचा असतो, हे दुकानात जाण्याआधी लक्षात घ्यावे. इंजिनाच्या आराखड्याशी ती जाडी जुळत नसेल तर तार डायमधून ओढून बारीक करता येते. तांबे वाकवले की कडक होते. म्हणून तार मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावी. ती मेणासारखी मऊ होते. वरची काळी पपडी चिंचेच्या कोळाने किंवा सायट्रिक आम्लाने निघते. मग वाकवण्यासाठी साचा लागतो: पोलादी पट्टीवर मूळ वळणाच्या त्रिज्येच्या दोन खुंट्या, एक अडवणी, आणि तार नेमकी कुठून कापायची त्याची खूण. वाकवल्यावर तांबे थोडे परत उघडते, म्हणून खुंटीची त्रिज्या हव्या त्या मापापेक्षा किंचित लहान ठेवावी. साच्यावर एक दिवस गेला तरी तो वसूल होतो, कारण नऊ नळ्यांतली एक जरी वेगळी वळली तर फिरत्या इंजिनात ती डोळ्याला लगेच खटकते.

झडपांच्या रचनेवर दोघांचे जवळजवळ एकमत होते, आणि त्याचे कारण ल रोनची कल्पक रचना हेच आहे. प्रत्येक सिलिंडरला एकच दांडा. तो वर ढकलला की एक झडप उघडते, खाली ओढला की दुसरी. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरवर एक दांडा आणि एक रॉकर एवढेच दाखवायचे असते. दांड्यासाठी इंजेक्शनची २५ गेजची सुई उत्तम: स्टेनलेस पोलादाची, सरळ, बाहेरून अर्धा मि.मी. जाडीची. रॉकर पितळी पट्टीतून बारीक करवतीने कापून कानशीने आकाराला आणावा.

मॉडेलकार : नऊही रॉकर मग सपाट, एका पातळीत लावून टाकतो. इथे तरी हालचाल नको.

टर्नर : हालचाल नको, ठीक आहे. पण एका पातळीत लावू नकोस. चार धावांच्या इंजिनात नऊ सिलिंडर कधीच एका अवस्थेत नसतात. ज्वलनाचा क्रम १-३-५-७-९-२-४-६-८, प्रत्येकात ८० अंशांचे अंतर. आता पहिला सिलिंडर पेटण्याच्या क्षणी धर. तिसरा आणि पाचवा दाब देतायत, सातवा आणि नववा मिश्रण ओढतायत, दुसरा आणि चौथा धूर बाहेर टाकतायत, आठवा अजून जोर देतोय आणि सहाव्याचा जोर संपत आलाय. म्हणजे ७ आणि ९ चे दांडे एका बाजूला गेलेले, २ आणि ४ चे दुसऱ्या, सहावा धुराच्या झडपेशी पोचलेला, आणि १, ३, ५, ८ मधल्या स्थितीत.

मॉडेलकार : हा फरक मिलिमीटरच्या अंशाचा आहे, काका. पण लावलेला बरा.

या एका तपशिलाने प्रतिकृती जिवंत वाटू लागते. नऊ रॉकरांची ओळ किंचित अस्ताव्यस्त दिसते, आणि तीच खरी आहे. कष्ट जास्त नाहीत. दांडे लावताना दोन-तीन वेगवेगळ्या लांब्या कापल्या की झाले.

आतल्या भागांवर मात्र वाद मिटत नाही. ल रोनमध्ये इतर रोटरी इंजिनांसारखा एक मुख्य कनेक्टिंग रॉड आणि त्याला जोडलेले बाकीचे, अशी मांडणी नाही. क्रँकपिनवर बसणाऱ्या चकतीत एकात एक अशा तीन वर्तुळाकार खाचा आहेत, आणि प्रत्येक खाचेत तीन रॉडांचे पितळी वळणदार पाय सरकतात. ही रचना फार देखणी आहे.

टर्नर : ती केलीच पाहिजे.

मॉडेलकार : बंद क्रँककेसमध्ये? सिलिंडर बसल्यावर ती पुन्हा कुणाला दिसणार?

दोघांनाही मान्य व्हावा असा एक तोडगा आहे, आणि तो करण्याजोगा आहे: विमानातले इंजिन आतून भरीव ठेवावे आणि खाचांची चकती, नऊ रॉड आणि दट्टे वेगळ्या पाट्यावर मोठ्या प्रमाणात, १:८ ला, उघडे करून मांडावेत. दट्ट्याचा व्यास तिथे १३ मि.मी.च्या आसपास येतो, म्हणजे सगळे आरामात घडवता येते आणि पाहणाऱ्याला हाताने फिरवून बघता येते.

जोडणीचा क्रम उष्णतेवर ठरतो. चांदीच्या डाखाला सहाशे-सातशे अंश सेल्सिअस लागतात, कथलाच्या डाखाला दोनशेच्या आत काम होते. म्हणून ज्या जोडांवर ताण येणार ते आधी चांदीच्या डाखाने, मग नळ्यांची तोंडे कथलाने, आणि सगळ्यात शेवटी पितळी तारा केवळ इपॉक्सीच्या टिंबाने. शेजारचा जोड सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कापसाची पट्टी ठेवावी. प्रज्वलनाच्या तारा मुळात उघड्याच होत्या, मागच्या कड्यापासून प्लगपर्यंत ताणलेल्या. त्यांच्यावर आवरण दाखवू नये.

रंगाचा प्रश्न शेवटी येतो. मॉडेलकाराला वापरातले, तेल उडालेले इंजिन हवे. टर्नरला आपले कातकाम दिसावे असे वाटते. एरंडेल गरम पोलादावर जळून सोनेरी-तपकिरी लॅकरसारखे चिकटते आणि सिलिंडरच्या माथ्याकडे गडद होत जाते. म्हणून पारदर्शक लॅकरमध्ये थोडा तपकिरी रंग मिसळून तो माथ्याकडे जास्त, पायाकडे कमी असा फवारावा. धातू झाकला जात नाही आणि तेलाचा वापरही दिसतो. काळा रंग ओतून इंजिन 'जुने' करण्याची पद्धत या इंजिनाला शोभत नाही. एरंडेलाचा डाग काळा नसून मधासारखा असतो.

उरते ते विमानावर बसवणे. तीन मि.मी.ची पोलादी दांडी मागच्या भिंतीत पक्की, तिच्यावर क्रँककेस ब्राँझच्या बुशात फिरता, आणि पंखा क्रँककेसच्या नाकाडालाच बोल्टने जखडलेला. वैमानिकाच्या जागेवरून पाहिले तर इंजिन आणि पंखा उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. समोरून पाहणाऱ्याला उलटे. जुनी छायाचित्रे कधीकधी उलटी छापली गेलेली आढळतात, तेव्हा पंख्याच्या पात्याचा पीळ पाहून खात्री करावी. इंजिनाभोवतीचे आवरण, म्हणजे काउलिंग, पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे करावे आणि ते स्क्रूवर बसवावे, चिकटवू नये. काउलिंग घातल्यावर सिलिंडरांचा समोरचा भाग तेवढा दिसतो. एवढे काम केल्यावर ते उघडून दाखवता आले पाहिजे.

मापे आणि रंग पडताळायचे असतील तर इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरमधील ओल्ड वॉर्डन येथे शटलवर्थ संग्रहात ८० अश्वशक्तीच्या ल रोनसह उडण्याजोग्या अवस्थेत जपलेला सॉपविथ पप आहे. काउलिंग उतरवलेल्या अशा इंजिनाची छायाचित्रे मिळवून ती कामाच्या टेबलावर समोर ठेवावीत आणि मगच पहिला सिलिंडर लेथवर चढवावा.